डावी मुरड

फेरारा शहरातल्या विन्यातालियाता गल्लीत, आर्जिया साराल्वोच्या घरी, बावीस वर्षं चीजची बुरिका झाली नव्हती. ज्याला हे ठाऊक नव्हतं तो एक तर पाळण्यातला होता, नाहीतर परगावचा. मांसाची बुरिका व्हायची, सणाला तर परातभर व्हायची, आणि तेव्हा शेजाऱ्यांना नेमकी काहीतरी उसनं मागायची आठवण व्हायची. पण चीजच्या बुरिकेचं नाव काढलं की आर्जिया ओठ आवळून म्हणायची, "ती बीचेची." आणि बीचे, तिची धाकटी बहीण, होती समुद्रापलीकडे हैफाला.

बुरिका दिसायला थेट करंजी. तोच अर्धचंद्र, काठाला तशीच मुरड. पोटात मात्र गोडाचं नाव नाही. एक तर कोंबडीचा मिरी घातलेला खिमा, आणि वरचं आवरण हंसाच्या चरबीत मळलेलं. नाहीतर ताजं चीज आणि पालक, आवरण लोण्यातलं. ज्यू घरात मांस आणि दूध एका ताटात येत नाही. येत नाही म्हणजे भांडी वेगळी, सुऱ्या वेगळ्या, जेवणं वेगळी. पण भाजून आल्यावर दोन्ही बुरिका जुळ्या बहिणींसारख्या. फोडल्याशिवाय ओळखायची कशी? त्यावर प्रत्येक घराची आपली युक्ती होती. कुणी काट्यानं टोचे मारी, कुणी वर तीळ लावी. साराल्वोंकडे देवानंच सोय केली होती.

आर्जियाची आई अल्लेग्राबाई. तिला विचारलं की बुरिका कुठली, तर ती स्पेनपासून सुरुवात करायची. स्पेनच्या राणीनं ज्यूंना हाकललं, इथल्या ड्यूकनं "या" म्हटलं, आणि आमच्या बायका बुरिका घेऊन आल्या. सांगायची अशा थाटात, की जणू गरम पत्रा हातात धरून ती स्वतःच बोटीतून उतरली होती. तुर्कस्तानातले लोकही असंच काहीतरी करतात, त्याला बोरेक म्हणतात, असं कुणी म्हटलं तर ती हात झटकायची. "शिकले असतील आमच्याकडनं!" तिकडचे लोक नेमकं उलटं म्हणत असणार, पण ते फेराराला येऊन तिच्याशी भांडायला थोडेच बसले होते?

तर तिला दोन मुली. थोरली आर्जिया उजवी, धाकटी बीचे डावरी. शाळेत मास्तरीण बीचेचा डावा हात फडक्यानं बाकाला बांधायची. अल्लेग्राबाईनं शाळेत जाऊन ते फडकं सोडवलं आणि मास्तरणीला म्हणाली, "बाई, हा हात मला लागतो." घरी आणून तिनं दोघींपुढे कणकेच्या पाऱ्या टाकल्या. आर्जियाची मुरड उजवीकडे कलली, बीचेची डावीकडे. झालं. त्या दिवसापासून उजवी मुरड मांसाची, डावी चीजची. सगळी गल्ली ते ओळखू लागली. घरात एवढी मोठी भट्टी कुणाकडे नव्हती. बुरिका फळीवर मांडून, फडक्याखाली झाकून पाववाल्याच्या, म्हणजे ओरेस्तेच्या बापाच्या, भट्टीत जायच्या. तो निखाऱ्यांच्या उजेडात नुसती मुरड बघून उजव्या एका पत्र्यावर लावायचा, डाव्या दुसऱ्यावर. धर्मानं तो ख्रिश्चन, पण आमच्या स्वयंपाकघरांची त्याला आमच्या काही पुरुषांपेक्षा जास्त माहिती.

आर्जिया मोठेपणी कापडाच्या दुकानात लागली. गिऱ्हाइकाच्या अंगावर नजर टाकून ती माप सांगायची, आणि मापाबरोबर चार गोष्टी आणखीही, ज्या गिऱ्हाइकानं विचारलेल्या नसत. लग्न केलं नाही. का, याबद्दल गल्लीत तीन मतं होती. तिन्ही मतं आर्जियाला ठाऊक होती. बीचेचं झालं, जिनो नावाच्या शाळामास्तराशी. अडतीस साली सरकारनं ज्यूंविरुद्ध कायदे केले. आर्जियाचं दुकान सुटलं, जिनोची शाळा सुटली. पुढच्या वर्षी जिनो म्हणाला, आता इथे नको, पॅलेस्टाइनला जाऊ.

"तू पण चल," बीचे म्हणाली.

"आणि आईला काय कपाटात ठेवू?" आर्जिया म्हणाली.

एकेचाळीसला आई गेली. त्रेचाळीसला जर्मन आमची माणसं उचलायला लागले तेव्हा ओरेस्तेनं आर्जियाला पिठाच्या गाडीवर पोत्यांमागे बसवून आपल्या सासुरवाडीच्या गावी पोचवलं. तिथे तागाच्या कोठारात ती लढाई संपेपर्यंत राहिली. परत आली तेव्हा गल्लीतले कितीतरी दरवाजे आतून उघडणारं कुणी उरलं नव्हतं. तिचा उघडला. पहिल्याच सणाला तिनं मांसाच्या बुरिका केल्या आणि मग चीजचं सारण भरून डाव्या हातानं मुरड घालायला बसली. मुरड नव्हे, ते पिळलेलं पोतेरं झालं. उजव्या हातानं घालायची तर ती मांसाची ठरते. तिनं ते सारण पावाला लावून खाऊन टाकलं आणि त्यानंतर पुन्हा केलं नाही. ती जागा बीचेची होती. बीचे येईल तेव्हा भरेल.

असं करता करता एकसष्ट साल उजाडलं. जिनो दोन वर्षांपूर्वी वारला होता, मुलीचं लग्न झालं होतं. बीचेनं कळवलं, किप्पूरच्या सणाला येते.

आर्जियानं अंगणाकडच्या खोलीला चुना काढला. पडदे शिवले. गादीची लोकर पिंजून घेतली. भेटेल त्याला सांगितलं, "बीचे येतेय. राहायला."

"राहायला की भेटायला?" आन्सेल्मो रिएत्तीनं विचारलं. हा शेजारचा विधुर, पोस्टातून निवृत्त झालेला. रोज संध्याकाळी आर्जियाकडे पत्ते खेळायला यायचा. तो आर्जियासाठी येतो की बुरिकांसाठी, हे त्यालाही नक्की सांगता आलं नसतं.

"राहायला म्हटलं ना! कान तपासून घ्या तुमचे."

'राहायला' हा शब्द बीचेनं कुठे लिहिला नव्हता. तो आर्जियानं पदरचा घातला होता, आणि इतक्या वेळा घातला की शेवटी तिलाही तो बीचेचाच वाटायला लागला.

बीचे आली. उन्हानं रापलेली, केस पोरासारखे कापलेले, आणि पायात चक्क पँट. स्टेशनवर आर्जियानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कमरेत दोन बोटं वाढलीस," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

"आणि तू उंचीला दोन बोटं कमी झालीस," बीचे म्हणाली. तिलाही आवरेना. हमाल बिचारा सामान घेऊन ताटकळला.

किप्पूरच्या आदल्या दिवशी दोघींनी बुरिका करायला घेतल्या. सूर्य मावळला की चोवीस तासांहून लांब कडकडीत उपास. पाण्याचा थेंब नाही, चूल नाही, भट्टी नाही. म्हणून सगळं आधीच भाजून ठेवायचं, उपास सुटल्यावर खायचं. आधी चीजच्या, आणि मांस दुसऱ्या दिवशी दुपारी, असा बेत. आर्जियानं बीचेसाठी नवा पोळपाट, नवं लाटणं, दुधाची सगळी भांडी वेगळी आणून बाहेरच्या खोलीत मांडली. आपण मांस घेऊन स्वयंपाकघरात बसली. मधलं दार लोटलं. दाराआडून बीचेचं गुणगुणणं येत होतं. आर्जियाला उठून बघावंसं वाटत होतं, पण तिनं मनाशी ठरवलं होतं: आता नाही बघायचं. भट्टीतून दोन पत्रे शेजारीशेजारी बाहेर येतील, एक उजवा, एक डावा, तेव्हा एकदम बघायचं. इतकी वर्षं थांबलो, आणखी दोन तास.

बीचेनं दोन्ही फळ्या झाकून सायकलला बांधल्या आणि ओरेस्तेकडे पोचवल्या. दुपार कलताना दोघी आणायला गेल्या.

भट्टीपाशी सणाची झुंबड. ओरेस्तेनं घाम पुसत एक मोठा पत्रा ओढून पुढे ठेवला. त्यावर सगळ्या बुरिका एकत्र. काही फुटल्या होत्या, चीज उतून बाहेर आलं होतं आणि हंसाच्या चरबीत तडतडत होतं.

आर्जिया पत्र्याकडे बघत राहिली.

"ओरेस्ते, हे काय केलंस?"

"काय केलं? भाजल्या."

"एका पत्र्यावर?"

"मग? सिन्योरा आर्जिया, ही भट्टी माझ्या बापाची. डावी एकीकडे, उजवी एकीकडे, बाराखडीच्या आधी शिकलोय मी हे. आज फडकं काढलं तर दोन्ही फळ्यांवर सगळ्या उजव्या. म्हटलं, वा, मांसच मांस! बहीण आली म्हणून चैन चाललीय." त्यानं एक बुरिका उचलून दाखवली. "बघा की. उजवी नाही ही?"

उजवीच होती. सुरेख, घट्ट, एकसारखी. आर्जियाच्या मुरडीइतकी सुरेख. आणि तिच्या पोटातून पालक डोकावत होता.

बीचेनं कपाळावर हात मारला. "अगं आई गं! मी आपली घालत गेले. सवयीनं."

"सवयीनं," आर्जिया म्हणाली. आणखी काही बोलली नाही. आर्जिया बोलली नाही ही बातमी त्या दोघी घरी पोचायच्या आत गल्लीच्या टोकाला पोचली होती.

तो पत्रा आता ज्यू घरात जाणं शक्य नव्हतं. ओरेस्तेलाच देऊन टाकला. तो नको नको म्हणाला, पण त्याचा एक हात तेव्हाच पत्र्याच्या कडेवर होता.

सूर्य मावळायच्या आधी एकमेकांची माफी मागायची रीत आहे. वर्षभरात दुखावलेल्या माणसाकडे जाऊन "क्षमा कर" म्हणायचं. त्यानं केली तरच वरचा करतो. गल्लीत त्या तासाभरात मोठी गंमत असते. ज्यांनी वर्षभर एकमेकांच्या पाठीमागे सुऱ्या परजलेल्या असतात, ते घाईघाईनं गळ्यात पडत असतात, आणि डोळा सूर्याकडे.

बीचे पांढरी शाल घेऊन दारात उभी राहिली. "आर्जी, क्षमा कर. बुरिकांचं माझं चुकलं."

"बुरिकांची कसली माफी? पीठ होतं, गेलं."

"मग चेहरा असा का?"

"इतकी वर्षं असाच होता. तू लांब होतीस म्हणून दिसला नाही. चल, उशीर होतोय."

आणि तिनं स्वतः काही माफी मागितली नाही. सिनेगॉगमध्ये बायकांच्या गॅलरीत दोघी मांडीला मांडी लावून बसल्या. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. आसपासच्या बायका पोथीआडून त्यांच्याकडे बघत होत्या. उपासात तेवढंच चघळायला. आर्जियाचं लक्ष प्रार्थनेत नव्हतं. मी बावीस वर्षं तिची जागा राखली, हे एकच तिच्या डोक्यात घोळत होतं. पाहुणे आले तरी राखली, जीभ मागायची तरी राखली. आणि हिनं तिकडे जाऊन माझा हात उचलला, स्वतःचा केला, आणि त्यात दोन्ही कामं भागवली. हिला माझी गरज काय पडली? आणि जिला गरज पडत नाही ती राहणार कशाला? तिथे आल्यावर मात्र तिचं मन अडायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

दुसऱ्या दिवशी काळोख पडला, शिंग वाजलं, उपास सुटला. आन्सेल्मो जेवायला बोलावलेला होता, पण जेवायला बुरिका नव्हत्या. नुसता मनुक्यांचा गोड पाव आणि कॉफी. तो पावात बुडवून खात होता आणि दर घासाला दाराकडे बघत होता, न जाणो. तेवढ्यात ओरेस्तेच आला, रिकामा पत्रा दाराबाहेर ठेवून.

"सिन्योरा, शपथ सांगतो, आयुष्यात असं काही खाल्लं नाही! ते चीज त्या चरबीत उतलंय ना… बायको पत्रा चाटत होती. एक विचारू? तुम्ही लोकांनी इतकी शतकं ही दोन वेगळी का ठेवलीत?"

आन्सेल्मोला ठसका लागला. बीचे हसत सुटली. आर्जियासुद्धा हसली, अगदी नको असताना. ओरेस्ते खूश होऊन गेला.

हसण्याच्या भरात आन्सेल्मोला वाटलं, आता वातावरण निवळलंय. "मग काय, बीचे, खोली पसंत पडली ना? आर्जियानं चुना स्वतः काढलाय. आता कायमचं राहायचं म्हणजे—"

"कायमचं?" बीचे म्हणाली. "माझी बोट आहे ना, महिनाअखेरीला. व्हेनिसहून."

खोलीत फक्त आन्सेल्मोचा चमचा वाजला. मग त्याला एकाएकी आठवलं की घरी दिवा जळत राहिलाय, आणि तो गेला. पोस्टातल्या माणसाला नको ती बातमी दारात टाकून सटकायची सवय असते.

"आर्जी, मी लिहिलं होतं, सणाला येते."

"हो."

"मग राहणार असं कुणी सांगितलं?"

"मी." आर्जियानं पावाचे कण बोटानं गोळा केले. "मीच सांगितलं सगळ्यांना. आता मीच सांगेन, की नाही राहत म्हणून. त्यात काय! तुला तिकडे सगळं जमतं. मुरडसुद्धा जमते."

"त्या मुरडीवर अजून आहेस होय तू?"

"मला तुझी नाही जमली. एकदा केली, फेकण्यासारखी झाली. पुन्हा हात लावला नाही. आणि तू…"

"मी काय?" बीचेचा आवाज चढला. "तुला माहितीय आम्ही काय खात होतो तिकडे? वर्षानुवर्षं मांस नाही. रेशनचं चीज, रेशनची अंडी. सणाला करायची तर चीजचीच. टेबलावर सगळ्या डाव्या मुरडीच्या. जिनो बघायचा आणि काही बोलायचा नाही. मी बघायचे आणि मला घास गिळवायचा नाही. सगळ्या माझ्याच! असं वाटायचं की माझ्याखेरीज घरातलं कुणीच उरलं नाही जगात. त्रेचाळीसपासून पंचेचाळीसपर्यंत तुझी चिठ्ठी नाही, चपाटी नाही. मग मी अर्ध्यांना उजवी घालायला लागले. रात्र रात्र बसून शिकले. तेवढीच तू टेबलावर."

आर्जियाच्या बोटाखालचे पावाचे कण पुन्हा विखुरले.

"आणि मग सगळ्याच उजव्या झाल्या. डावी कशाला घालू? मी तर तिथे होतेच की."

आर्जिया उठली, कॉफीचं भांडं उचललं, आणि कशाला उचललं ते विसरून पुन्हा खाली ठेवलं.

"मला वाटलं, तू माझी जागा भरून टाकलीस," ती म्हणाली.

"भरली असती तर एवढा खर्च करून आले असते, वेडे?"

"मग राहा ना, बीचे." शेवटी तिनं ते म्हटलं. इतके दिवस गल्लीला ऐकवलं होतं, जिला ऐकवायचं तिला आज पहिल्यांदा. "खोली आहे. मी आहे. राहा."

बीचेनं तिचा हात हातात घेतला. तो सोडला नाही, पण मानही हलवली नाही. "मी काल सकाळी गल्लीतून चालत गेले, आर्जी. एकेका दारापाशी कोण राहायचं ते आठवत गेले. टोकापर्यंत पोचताना पाय उचलेनात. तू रोज कशी चालतेस तिथून?"

"सायकलवरून जाते," आर्जिया म्हणाली. "पटकन."

"मला नाही जमणार. आणि तिकडे मुलगी आहे, तिला दिवस गेलेत. तू चल."

"मी? त्या उन्हात? पँट घालून?"

दोघीही हसल्या, पण उत्तर दोघींनाही कळलं होतं. मग आर्जिया म्हणाली, "क्षमा कर."

"आता? उपास सुटला, वरचे दरवाजे बंद झाले. वेळ टळली."

"वरच्याची टळली. तुझी टळली का?"

"नाही टळली," बीचे म्हणाली.

महिन्याचे उरलेले दिवस आर्जियानं बहिणीला गल्लीबाहेर फिरवलं. तटबंदीवरून, पो नदीपर्यंत, नव्या सिनेमागृहात, ओरेस्तेच्या सासुरवाडीला ते कोठार दाखवायला. गल्लीतल्या बायकांना वाटलं होतं, आता भांडण बघायला मिळेल. त्यांची निराशा झाली. "काय मग, राहतेय ना बहीण?" कुणी खोचकपणे विचारलं तर आर्जिया सरळ म्हणायची, "नाही. जातेय. मला वाटलं होतं राहील." असं सरळ उत्तर आलं की टोमण्याला पुढे वाट उरत नाही.

जायच्या दिवशी धुकं होतं. व्हेनिसची गाडी वेळेवर आली, एरवी कधी येत नाही ती. बीचे खिडकीतून वाकली. दोघी सामानाविषयी बोलत राहिल्या. ती पिशवी वर ठेव. ठेवली. शाल आहे ना? आहे. गाडी हलली. बीचेनं हात हलवला, डावा. आर्जिया चार पावलं चालली आणि थांबली. शेवटचा डबा धुक्यात शिरला, मग त्याचा दिवा, मग आवाज.

बराच वेळ गेला. फलाट रिकामा झाला. हमाल झाडू घेऊन जवळ आला. तोच तो, ज्याला त्यांनी येताना ताटकळत ठेवलं होतं की दुसरा, हे तिनं पाहिलं नाही.

"सिन्योरा, पुढची गाडी बोलोन्याची, तिला अवकाश आहे. कुठे जायचंय तुम्हाला?"

"कुठंच नाही," आर्जिया म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग रुळांकडे.

"मग बसा की," तो म्हणाला, आणि बाकावरची ओल बाहीनं पुसून दिली.

आर्जिया बसली.